डाव्या वळणाचा जिना

सत्यभामाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा संपतराव खिडकीची जाळी जोडत होते. फोन समोरच्या पारुबाईच्या किराणा दुकानात आला. हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या त्या गल्लीत रुपया टाकायचा फोनचा तेवढाच एक डबा होता आणि कुणाचा फोन आला की पारुबाई दुकानातूनच हाक मारायच्या. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. हाताचं पीठ न झटकता रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, वसमतहून फोन हाय. तुमचा मेव्हणा बोलून राहिला."

सत्यभामाबाई माहेरी हळद शिजवायला गेल्या होत्या. दरवर्षी माघात जायच्या. मेव्हण्यानं सांगितलं की ताई कढईपाशी उभी होती, घाम येऊन राहिला म्हणून बाजूला बसली आणि बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरानं हात लावून नुसती मान हलवली.

"जेवली होती का?" संपतरावांनी विचारलं.

पलीकडं मेव्हणा रडत होता.

संपतराव दुकानात परत आले, काळा चष्मा लावला आणि जाळीचे राहिलेले जोड पूर्ण केले. अर्धी सोडलेली जाळी पीळ खाते. मग मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि मुलाच्या जीपची वाट बघत पायरीवर बसले. शिवहार सेनगावची सवारी सोडून येईपर्यंत ते तिथंच बसून होते. गावात पुढं बरेच दिवस बोलणं चाललं की बायको गेली अन् हा बुवा वेल्डिंग करून राहिला. पुसेगावला दिलेली त्यांची थोरली बहीण रुख्मिणीबाई तर तोंडावरच म्हणाल्या. संपतरावांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडं नव्हतंच. त्या वेळी हाताला जे येत होतं ते हातानं केलं, एवढंच.

घर असं होतं की पुढं वेल्डिंगचं दुकान, मागं दोन खोल्या, त्याच्याही मागं न्हाणी. वर स्लॅब टाकला होता, पण जिन्याला जागा काढली तर दुकान जाणार, म्हणून जिना राहिला. मागच्या भिंतीला संपतरावांनीच केलेली लोखंडी शिडी टेकवलेली असायची. सत्यभामाबाई त्या शिडीनं दिवसातून कितीदा तरी वर जायच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. बालपण रानात गेलेलं. छताखाली फार वेळ बसलं की तिचा जीव कावायचा. वर कुरडया, मिरच्या, गोधड्या वाळत घालायची आणि काही नसलं तरी जाऊन उभी राहायची.

"साऱ्या गावाला गेटं करून दिली," ती म्हणायची, "मला एक जिना होईना."

"जागा कुठं हाय?"

"मग गोल करा. वसमतला आमच्या भावाच्या शेजारी हाय. एका खांबाभवती फिरत वर जाते. कोपऱ्यात मावते."

"करू," संपतराव म्हणायचे.

त्यांनी सरळ जिने केले होते, गेटं केली होती, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावासुद्धा बसवल्या होत्या. गोल जिना कधी केला नव्हता. ती गेली त्या साली पावसाळा सरला, पितरं होऊन गेली, दिवाळी गेली, आणि एक दिवस ते दुकानाच्या फरशीवर खडू घेऊन बसले. माघात वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं, आणि ते शिडीनं नाही, जिन्यानं न्यायचं, असं त्यांनी मनात धरलं. मनात धरलं आणि मग बोलूनही बसले. शिवहारला, मेव्हण्याला, रुख्मिणीबाईला, सगळ्यांना. म्हणजे आता मागं फिरायला वाट नव्हती.

सून सीमा दारात येऊन उभी राहिली. सासू गेली तेव्हा ती पोटुशी होती. बाळंतपण माहेरी झालं आणि दिवाळीच्या आधी ती लेकीला घेऊन परत आली होती.

"मामा, हे काय काढून राहिले?"

"जिना."

सीमानं मान वाकडी करून पाहिलं. "मला वाटलं, दळण सांडलं."

संपतरावांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळं ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. त्यांनी पायानं खडू पुसला.

"मी काढून देऊ का?" सीमा म्हणाली. "म्हंजे कॉम्प्युटरवर?"

लग्नाआधी सीमानं वसमतला कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तिथल्या सरांनी घराचे नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर शिकवलं होतं. त्यात भिंती उभ्या करता यायच्या, दारं बसवता यायची, रंग देता यायचा. शिवहारनं तिच्यासाठी हिंगोलीहून जुना कॉम्प्युटर आणला होता. तो आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी, सत्यभामाबाईंनी शिवलेल्या कापडाखाली झाकलेला असायचा.

"त्याच्यात लोखंड वाकते का?" संपतरावांनी विचारलं.

"वाकते. अन् चुकलं तर भंगारात न्यावं लागत न्हाई."

तिनं आधी घर उभं केलं. संपतरावांनी टेप धरून मापं सांगितली, तिनं ती भरली. पडद्यावर त्यांचं स्वतःचं घर वरून दिसायला लागलं, झाकण काढलेल्या डब्यासारखं. मग तिनं जिन्यांच्या यादीतून गोल जिना उचलला आणि सोडला. तो चुलीवर जाऊन उभा राहिला.

"ह्याला कोपरा कळत न्हाई का?"

"सांगावा लागते, मामा."

तिनं तो ओढत मागच्या दाराशी, न्हाणी आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात नेला. मग खरं काम सुरू झालं. घेर मोठा धरला की जिना भिंतीत घुसायचा. घेर लहान केला की पायऱ्या भाकरीच्या कोरीसारख्या चिंचोळ्या व्हायच्या. पायऱ्या कमी केल्या तर एकेक पायरी इतकी उंच व्हायची की संपतराव म्हणाले, "हा सशाचा जिना झाला." पायऱ्या वाढवल्या तर जिना जास्त फिरायचा आणि वरची पायरी डोक्यावर यायची. एक धरलं की दुसरं सुटायचं. संपतरावांना हे ओळखीचं होतं. लोखंडही असंच वागतं.

त्या हिवाळ्यात लाइटीचा काही भरवसा नव्हता. सीमा काढलेलं कॉम्प्युटरमध्ये साठवायची विसरली आणि लाइट गेली की तेवढं काम पुसलं जायचं. पारुबाई दुकानातून ओरडून विचारायच्या, "भाऊ, आज जिना पडला की ऱ्हायला?" पण पडलेला जिना पुन्हा उभा करायला सीमाला वेळ लागत नव्हता, आणि दर वेळी तो आधीपेक्षा थोडा बरा व्हायचा. संपतराव लाइट असली की दुकानातलं काम करायचे आणि मधूनमधून हात पुसत आत येऊन बसायचे. आत बसायचं कारण मिळालं होतं. वर्षभर त्या खोलीत ते फक्त झोपायला जात होते.

सॉफ्टवेअरमध्ये एक माणूस होता. शर्ट खोचलेला, बूट घातलेला, केस विंचरलेला. त्याला जिन्यावर चालवता यायचं, म्हणजे डोकं कुठं आपटतं ते कळायचं.

"हा कोण?"

"ह्याच्यातलाच माणूस हाय. नाव न्हाई त्याला."

"इंजिनिअर म्हणू," संपतराव म्हणाले. "मोकळ्या हातानं फिरून राहिला म्हंजे इंजिनिअरच."

इंजिनिअर वर गेला. डोकं आपटलं नाही. गच्चीवर जाऊन उभा राहिला. संपतराव पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिथून काय दिसते?"

सीमानं दाखवलं. काही दिसत नव्हतं. खाली सपाट हिरवा रंग, वर निळा.

"दारचा आपला लिंब?"

सीमानं झाडांच्या यादीतून एक झाड आणून ठेवलं. ते लिंबाचं नव्हतं, पण उभं होतं. "ऱ्हाऊ दे," संपतराव म्हणाले.

जिना कोणत्या बाजूनं फिरवायचा हे सॉफ्टवेअर आधीच विचारतं. संपतरावांनी विचारही केला नाही. "उजवीकडून. देवाला फेरी घालतो तसा, खांब उजव्या हाताला ठेवून." मग रुख्मिणीबाईंनाही शिवहारच्या हाती विचारून घेतलं. त्यांचा निरोप आला की ह्यात काय विचारायचं, प्रदक्षिणा उलटी कोण घालते.

सगळं जमलं तेव्हा संपतरावांनी कोपऱ्यात खड्डा घेऊन जाड पाइप सिमेंटमध्ये उभा केला. पत्र्याच्या पायऱ्या कापल्या. पायाला लागू नये म्हणून प्रत्येक पायरीची पुढची कड खाली दुमडली. पाइप पक्का झाल्यावर खालून वर एकेक पायरी जोडायला लागले. पायऱ्या कमरेच्या वर आल्या. लोकं मागच्या दारी येऊन बघून जायला लागली. कठडा अजून लावला नव्हता, पण हिशोबानं सगळं माघाच्या आत होत होतं.

एका दुपारी ते पाणी प्यायला आत आले तर सीमा कॉम्प्युटरपुढं उभी होती. लेक किरकिरत होती म्हणून तिला डाव्या कडेवर घेतलेलं, उजवा हात माउसवर. कठड्याची नक्षी कशी दिसते ते ती बघत होती. पडद्यावर इंजिनिअर हात हलवत वर चालला होता.

संपतराव तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा सुनेकडं.

"सीमा, पोरगी नेहमी त्याच कडेला काहून?"

"मग?" सीमा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "उजव्या कडेवर घेतलं तर काम तुमी करता का?"

"त्याला पोरगी दे."

"कोणाला?"

"इंजिनिअरला."

सीमानं वळून पाहिलं. सासऱ्याला ऊन लागलं की काय असं तिला वाटलं असावं. "ह्याच्यात पोरगी न्हाई, मामा. कुंडी हाय."

"कुंडी दे. डाव्या कडेला."

तिनं एक कुंडी आणली, छोटी केली आणि माणसाच्या डाव्या अंगाला चिकटवली. कुंडीतलं झाड त्याच्या कानात गेलं. सीमा हसायला लागली. संपतराव हसले नाहीत. "आता चालव," म्हणाले. इंजिनिअर चालला. डाव्या बाजूला कठडा आणि त्याच बाजूला कुंडी. उजवा हात मोकळा, आणि उजवीकडं नुसता खांब.

"चल," ते म्हणाले. "पोरीला घेऊन चल मागं."

सीमा जिन्यापाशी आली. कठडा नव्हता म्हणून संपतरावांनी एक पाइप उचलला आणि बाहेरच्या बाजूनं, कठडा जिथं येणार होता तिथं, आडवा धरला. "चढ."

सीमा चढली. डावा हात लेकीभोवती होता, त्यामुळं सासऱ्यानं धरलेला पाइप तिला धरताच येईना. उजव्या हातानं तिनं मधला खांब धरला. खांब धरला की पायही खांबाकडं जायचे, आणि तिथं पायरी चार बोटं रुंद. तिसऱ्या पायरीला चप्पल घसरली. संपतरावांनी पाइप टाकून तिला धरलं. लेकीला गंमत वाटली, ती खिदळली.

"जाता येते, मामा," सीमा खाली उतरून म्हणाली. "सावकाश गेलं की जाता येते."

संपतराव खाली पडलेल्या पाइपाकडं बघत होते. त्यांना शिडी दिसत होती. शिडीवर सत्यभामाबाई. डाव्या कडेवर टोपलं, नाहीतर कळशी, नाहीतर शिवहार लहान असताना शिवहार. उजवा हात शिडीला. सगळं आयुष्य ती अशीच वर गेली आणि ते खालून बघत आले. हा जिना झाला असता आणि ती असती, तर पहिल्या दिवशी कळशी घेऊन चढली असती, तिसऱ्या पायरीला थांबली असती आणि काहीतरी टोचून बोलली असती.

"लाइट हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"मग फिरव त्याला. डावीकडून."

आत येऊन सीमानं एक खूण बदलली. जिना जागच्या जागी उलटा फिरला. खांब डाव्या हाताला, कठडा उजव्या हाताला. कुंडीवाला इंजिनिअर आरामात वर गेला आणि गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाकीत घुसला. आधी जिना टाकीच्या अलीकडं उतरत होता, आता बरोबर टाकीवर.

"टाकी आडवी येते," सीमा म्हणाली. मग हळू म्हणाली, "अन् जोडलेल्या पायऱ्याही चालणार न्हाईत ना? दुमडलेली कड मागं जाईल."

"न्हाई चालणार."

"वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलं, मामा. तुमी साऱ्याला सांगून बसले."

"ते मी सांगीन."

संपतरावांनी त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. मागच्या दारी ओट्यावर बसून राहिले. तारीख तिची होती. वर्षभरात तिच्यासाठी करण्यासारखी एवढी एकच गोष्ट त्यांना सापडली होती. आहे तसा पुरा केला तर त्या दिवशी पान जिन्यानं वर जाईल, चार लोकं बघतील, बोललेलं खरं होईल. आणि दुसऱ्या दिवसापासून सीमा पुन्हा शिडीनं जाईल. तोंडानं म्हणणार नाही, पण जाईल. हे त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की सकाळी लाइट आल्या आल्या त्यांनी ग्राइंडर लावला.

रुख्मिणीबाई श्राद्धाच्या तयारीला आल्या तेव्हा भाऊ स्वतःच जोडलेल्या पायऱ्या कापत होता. ठिणग्या न्हाणीपर्यंत उडत होत्या. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"काय रे हे? येड लागलं का?"

"चुकला होता, अक्का. डावीकडून फिरवायचा."

"उलटा? अन् ह्या कामाला?" त्यांनी कपाळाला हात लावला. "त्या दिवशी बायको गेली तर जोडत बसला, अन् आता श्राद्ध आलं तर कापत बसला. तुझं सारंच उलटं हाय, संपत."

संपतरावांनी ग्राइंडर बंद केला. "देवाला फेरी घालीन तवा उजवीकडूनच घालीन. हा देव न्हाई. ह्याच्यावर बाया ओझं घेऊन चढणार."

"मग काय झालं?"

"ती कळशी घे."

न्हाणीपाशी भरलेली कळशी होती. रुख्मिणीबाईंनी पुटपुटत उचलली आणि सवयीनं डाव्या कडेवर घेतली. मग भावाकडं पाहिलं. मग आपल्या मोकळ्या उजव्या हाताकडं पाहिलं. कळशी खाली ठेवली.

"तरी तारखेला अर्धा जिना बरा दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "ती काय म्हणल?"

"म्हणल, इतकी वर्षं नुसतं करू म्हणून राहिला होता. आता निदान करून राहिला."

रुख्मिणीबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि मग त्याच पदरानं ओट्यावरची लोखंडाची भुकटी झटकली. "सीमा, चहा ठेव ग," त्या आत बघून म्हणाल्या. "तुझा सासरा सकाळपासून उपाशी दिसून राहिला."

वर्षश्राद्धाच्या दिवशी जिना निम्मा होता. खालच्या पायऱ्या नव्या बसल्या होत्या, त्यांना उजव्या हाताला कठडाही लागला होता. वर नुसता खांब. पान शिवहारनं शिडीनं वर नेलं. जमलेल्यांपैकी कुणी हसलं, कुणी विचारलं, मेव्हण्यानं खांबाला हात लावून पाहिला. जेवणं उरकल्यावर भांडी घासायला पाणी न्यायचं होतं. रुख्मिणीबाई भरलेली कळशी कडेवर घेऊन निघाल्या आणि सगळ्यांच्या देखत जिन्याकडं वळल्या. उजव्या हातानं कठडा धरला आणि पायऱ्या संपेपर्यंत चढल्या. तिथं उभ्या राहिल्या. कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडचं दिसत होतं.

"इथूनच हळदीचं रान दिसते की," त्या म्हणाल्या. "वरून तर किती दिसल."

मग तशाच, मागं मागं एकेक पायरी उतरून खाली आल्या. "बरा हाय," एवढंच म्हणाल्या. पाणी एक थेंब सांडलं नव्हतं.

त्याच जेवणाला आलेल्या सेनगावच्या एका माणसाला नवीन घरात गोल जिना हवा होता. नकाशा कुणी काढला म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा संपतरावांनी आत बोट दाखवलं. तो माणूस कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर बसला. घेर, उंची, रंग, सगळं सांगायला लागला. सीमानं लेकीला डाव्या कडेवर सरकवलं आणि आधी दुसरंच विचारलं.

"दादा, जिन्यावर कोण चढणार? अन् काय घेऊन?"

तो माणूस खुर्चीवरून उठला. बायकोला विचारून येतो म्हणाला.

संपतराव दारातून ऐकत होते. ते मागं गेले आणि मशीनची वायर सोडवायला लागले.

आता दुकानात दुसरं कामही असतं आणि लाइट जशी येईल तसं जिन्याचं होतं. पायऱ्या खिडकीच्या वर गेल्या आहेत. जिन्याच्या वाटेत येणारी पाण्याची टाकी अजून जागची हललेली नाही. शेवटच्या चार पायऱ्या, त्यांचा कठडा आणि गच्चीवर पाय टाकायची पट्टी एवढं बसवायचं राहिलं आहे.